उजव्या गालावरचं ऊन

जितेंद्र सरांनी चालण्याच्या परीक्षेचा अहवाल वाचून दाखवला आणि वेदिकाने त्यांना तो पुन्हा वाचायला लावला.

"सरासरी दिशा दोनशे सत्तेचाळीस अंश. फैलाव फार मोठा. दिशाज्ञान असमाधानकारक. रस्त्यावरील प्रशिक्षणासाठी सध्या अपात्र."

"दोनशे सत्तेचाळीस म्हणजे कुठे?"

"नैऋत्येकडे." सर जरा अडखळले. "म्हणजे जवळजवळ मागंच."

"मी मागे चालत होते?"

"तसं नाही ना ताई. हे ॲव्हरेज आहे."

वेदिकाच्या शेजारच्या खुर्चीवर तिचे बाबा, विश्वनाथ मोहरील, हातातली पिशवी उगाच घट्ट धरून बसले होते. आता त्यांनी ती हळूच खाली ठेवली, आणि त्या ठेवण्याच्या आवाजातच वेदिकाला कळलं, की त्यांचा जीव भांड्यात पडला आहे. लेक नापास झाली याचा त्यांना आनंद झाला होता असं नाही. पण पांढरी काठी घेऊन ती एकटी सक्करदऱ्याच्या चौकात उभी आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून निदान काही महिने तरी हटलं होतं.

"बघू पुढं," ते म्हणाले. "मी आहे ना सोडायला."

स्कूटरवर मागे बसून घरी येताना वेदिकाने मनातल्या मनात तो पट्टा पुन्हा चालून पाहिला. केंद्राच्या अंगणातला फरशीचा लांब पट्टा, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला ऑफिसची ओसरी. तिला आठवत होतं, प्रत्येक फेरीच्या शेवटी तिची काठी ओसरीच्या पायरीलाच लागली होती. कधी पायरीच्या मधोमध, बहुतेकदा जरा डाव्या कडेला, पण पायरीलाच. मागे चाललेल्या माणसाची काठी पायरीला कशी लागेल? पण अहवाल छापील होता, आणि दृष्टी गेल्यापासून स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवायची तिची हिंमत तशीही कमीच झाली होती. आपल्याला वाटलेलं खरं नसतं, हे तिला दोन वर्षांत फार वेळा ऐकावं लागलं होतं.

वेदिका एकोणतीस वर्षांची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती सदरमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली होती. मग डोळ्यांमागची शीर सुकू लागली. आधी नजरेच्या कडा गेल्या, नंतर मधलं गेलं, आणि शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच उरलं. नोकरी अजून शाबूत होती. साहेबांनी सांगितलं होतं, कॉम्प्युटर बोलून काम सांगतो ना, मग तुम्ही या, फक्त येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा. सगळं त्या येण्याजाण्यावर अडलं होतं. बाबा रोज सोडायला तयार होते, पण त्यांचा गुडघा दुखायचा आणि उन्हाळ्यात त्यांना चक्कर यायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांना काही झालं तर आपण घराच्या फाटकाच्या आत कायमच्या राहणार, हा विचार वेदिका कोणाला बोलून दाखवत नसे.

म्हणून ती उमरेड रोडवरच्या 'वाटचाल केंद्रा'त जाऊ लागली. तिथे जितेंद्र सर काठी धरायला शिकवत, पायाखालची जमीन ओळखायला शिकवत, आणि शेवटी सरळ रेषेत चालण्याची परीक्षा घेत. छातीवर पट्ट्याने मोबाइल बांधायचा. तो उत्तरेपासून मोजून अंशांत सांगे, माणूस कोणत्या दिशेला गेला ते. दहा फेऱ्या झाल्या की आकडे आपोआप कॉम्प्युटरमधल्या शीटमध्ये जात, आणि शीट अहवाल काढी. पास झालेल्याला रस्त्यावर नेत. नापास झालेल्याला मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायच्या वर्गात बसवत.

मेणबत्त्यांच्या वर्गात सगळ्या बायकाच होत्या.

केंद्रातच तिची सत्यवती गजभियेंशी ओळख झाली होती. सत्यवतीताई हिंगण्याच्या, पन्नाशीला आलेल्या. काचबिंदूने दृष्टी गेलेली, नवरा आणि मुलगा दोघंही तिथल्या कारखान्यांत. त्यांना फार काही नको होतं. घरापासून विहारापर्यंत एकटीने जायचं होतं, बस. त्याही परीक्षेत नापास झाल्या होत्या. दोन महिने मेणबत्त्या केल्या आणि यायचंच बंद केलं. शेवटच्या दिवशी त्या वेदिकाला म्हणाल्या होत्या, "मले घरी का कमी काम आहे वं? मेणबत्त्या कराले एवढ्या लांब काहून येऊ?"

घरी आल्यावर वेदिकाने जेवणही टाळलं. ती खाटेवर आडवी झाली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. मग उठून तिने जितेंद्र सरांना फोन लावला.

"सर, माझ्या फेऱ्यांचे आकडे पाठवाल का? अहवाल नको. नुसते आकडे."

"त्याचं काय करणार ताई?"

"ऐकीन."

सरांनी पाठवले. माणूस कामाला चोख होता. वेदिकाने मोबाइल कानाशी धरला आणि तो सपाट आवाज वाचू लागला.

"तीनशे बावन्न. तीनशे एकोणपन्नास. तीनशे सत्तावन्न. तीन. तीनशे चोपन्न. तीनशे सेहेचाळीस. दोन. तीनशे अठ्ठावन्न. तीनशे एक्कावन्न. एक."

तिने पुन्हा ऐकलं. 'तीनशे सत्तावन्न'नंतर 'तीन' आलं तेव्हा ती थांबली.

गोल फिरून आलं की तीनशे साठ म्हणजेच शून्य. शून्य म्हणजे उत्तर दिशा, म्हणजे नेमकी ओसरी. तीनशे सत्तावन्न म्हणजे ओसरीच्या तीन अंश डावीकडे आणि तीन म्हणजे तीन अंश उजवीकडे. दोघांमध्ये एका पावलाचाही फरक नाही. पण शीटला ते कुठं ठाऊक होतं? तिच्या लेखी एक आकडा साडेतीनशेच्या वर होता आणि दुसरा बोटांवर मोजण्याइतका. शीटने दोघांची बेरीज केली, भागाकार केला आणि मधला आकडा काढला. तो मधला आकडा वर्तुळाच्या भलत्याच बाजूला, जिथे वेदिका एकदाही गेली नव्हती तिथे जाऊन पडला होता.

वेदिका उठून बसली. एम.एस्सी.ला एक धडा होता, गोल फिरणाऱ्या आकड्यांचा. वाऱ्याच्या दिशा, घड्याळातल्या वेळा, वर्षातले महिने, असं जे जे फिरून पुन्हा सुरुवातीला येतं त्याचा. परीक्षेत त्यावर एकच प्रश्न यायचा आणि त्याला पर्याय असायचा, म्हणून अख्ख्या वर्गाने तो धडा सोडून दिला होता. तिनेही. पण मास्तरांनी फळ्यावर काढलेली बाणांची रांग तिला अजून आठवत होती. प्रत्येक आकड्याचा एक बाण. पहिल्या बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी, दुसऱ्याच्या टोकाला तिसऱ्याची. सगळे लावून झाले की पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत बघायचं. ती खरी सरासरी दिशा.

"बाबा," तिने हाक मारली. "काडेपेटी आहे का घरात? आणि डिंक?"

विश्वनाथराव स्वयंपाकघरातून आले. "आता काय करून राहिली?"

"बसा ना. मला तुमचे डोळे हवेत थोडा वेळ."

हे ती कधी म्हणत नसे. ते लगेच बसले. मग तिने सांगितलं तसे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कोनमापक घेऊन आले, पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा शोधला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. ते पाटबंधारे खात्यात जन्मभर आस्थापनेच्या टेबलावर बसलेले, कोनमापक शाळेनंतर पहिल्यांदाच हातात घेत होते.

"पहिली काडी, तीनशे बावन्न," वेदिका म्हणाली. "म्हणजे सरळ वरच्या दिशेपासून आठ अंश डावीकडे."

त्यांनी चष्मा सारखा केला, कोन धरला, डिंक लावला, काडी चिकटवली.

"आता तिच्या टोकापासून दुसरी. अकरा अंश डावीकडे."

"मागची सुरू झाली तिथून नाही?"

"नाही, ती संपली तिथून."

दहा काड्या लावायला त्यांना बराच वेळ लागला. एक वाकडी बसली ती त्यांनी उपटून पुन्हा लावली. डिंक वाळेपर्यंत दोघं चहा प्यायले. मग वेदिकाने पहिल्या काडीच्या बुडाशी बोट ठेवलं आणि हळूहळू वर सरकवत नेलं. बोट कुठे अडलं नाही, वळलं नाही. रांग जरा नागमोडी होती, किंचित डावीकडे झुकत होती, पण गेली होती ती थेट पुठ्ठ्याच्या वरच्या काठापर्यंत.

"आता तुमच्या मनात येतील ते आकडे घ्या," ती म्हणाली. "शून्यापासून तीनशे साठपर्यंत कुठलेही. एखादा माणूस खरंच भरकटला तर कसा चालेल, तसे."

त्यांनी पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला दहा काड्या लावल्या. या वेळी वेदिकाचं बोट एकदा वर गेलं, लगेच वळलं, खाली आलं, पहिल्याच काडीला पुन्हा अडखळलं. सगळ्या काड्या सुरुवातीपाशीच गुंता होऊन पडल्या होत्या. दहा काड्या खर्चून तो माणूस कुठेच पोचला नव्हता.

"दिशाज्ञान नसणं म्हणजे हे," वेदिका म्हणाली. "रांग जेवढी लांब जाते तेवढा माणूस पक्का."

विश्वनाथरावांनी पुठ्ठा जवळ ओढला. पुठ्ठा फिरवल्याचा आवाज आला. मग त्यांच्या बोटाचा काड्यांवरून घासत जाण्याचा बारीक आवाज आला. डोळे मिटून की उघडे ठेवून, ते तिला कळलं नाही.

"म्हणजे तू सरळ चालत होतीस."

"अगदी सरळ नाही. पाचेक अंश डावीकडे जाते मी."

"पण दर वेळी तेवढीच?"

"साधारण तेवढीच."

"माझ्या स्कूटरचं हँडल असंच डावीकडं ओढायचं," ते म्हणाले. "मेकॅनिकनं एका दुपारात सरळ करून दिलं. रोज वेगळीकडं ओढलं असतं तर तोही काय करणार होता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगताच स्कूटर काढली. पुठ्ठा वेदिकाच्या मांडीवर होता.

जितेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. वेदिकाने त्यांना घड्याळाचं उदाहरण दिलं. "एक गाडी बाराला पाच मिनिटं कमी असताना येते, दुसरी बारा वाजून पाच मिनिटांनी. मधली वेळ कोणती?"

"बारा."

"तुमची शीट फक्त मिनिटकाटा बघते. पंचावन्न आणि पाच, बेरीज साठ, त्याचे निम्मे तीस. ती म्हणेल, काटा सहावर."

सर हसले. मग हसणं थांबलं. खुर्ची करकरली.

"ताई, तुमचं म्हणणं पटते मले. पण एक सांगा. शीट एकच आहे. फॉर्म्युला एकच आहे. संध्याकाळच्या बॅचले पुरुष येतात, त्यांचे आकडे तर एकदम बराबर निघतात. गेल्या तीन वर्षांत एखाददुसराच नापास झाला असन. शीट चुकली असती तर त्यांचीही चुकली असती ना?"

वेदिकाने मनात मोजून पाहिलं. शीट एक, मोबाइल एक, पट्टा एक, अंगणही एकच. मग सकाळच्या बायका तेवढ्या नापास कशा? केंद्राच्या वार्षिक पुस्तिकेत तर तसं छापलंही होतं, महिलांमध्ये दिशाज्ञान उशिरा विकसित होते म्हणून. ते वाचून कोणाला नवल वाटलं नव्हतं. बायकांना रस्ते कळत नाहीत, हे घरोघरी म्हटलं जातंच. आता पहिल्यांदाच तिला शंका आली, की आपण काड्यांच्या रांगेवर फार लवकर खूश झालो.

"मी संध्याकाळपर्यंत थांबले तर चालेल?" तिने विचारलं.

बाबा घरी जाऊन परत येतो म्हणाले. वेदिका ओसरीवर बसून राहिली. उन्हं कलली तशी संध्याकाळची मंडळी येऊ लागली. कोणी नोकरीवरून, कोणी कॉलेजातून. ओसरीवरच चहाची किटली असे, तिच्याभोवती त्यांचा गलका. त्यात प्रीतमचा आवाज सगळ्यांत मोठा. वीस-बावीस वर्षांचा हा मुलगा जन्मापासून आंधळा होता, बसने गावभर हिंडायचा आणि नव्या माणसांना शिकवायची त्याला भारी हौस होती.

"एकदम सोपं आहे गा," तो कोणाला तरी सांगत होता. "ऊन उजव्या गालावर ठेवायचं अन् सुटायचं. ऊन नाकावर आलं का समजायचं, आपण वळलो."

वेदिका मनात म्हणाली, मीही तेच करते. सकाळी फाटकापासून निघताना ऊन उजव्या गालावर असतं, ते तसंच ठेवून ती ओसरीपर्यंत येत असे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मग ती ताडकन उभी राहिली.

सकाळी सूर्य पूर्वेला. आत्ता तो पश्चिमेला. सकाळीही उजवा गाल आणि संध्याकाळीही उजवाच गाल?

"जितेंद्र सर! ही मंडळी कुठून कुठे चालतात?"

"इथून, ओसरीपासून. फाटकापर्यंत."

"आम्ही फाटकापासून ओसरीपर्यंत चालतो."

"हो. तुम्हाले गाडी फाटकापाशी उतरवते ना सकाळी, म्हणून तिथूनच सुरू करतो आपण. हे लोक इथं चहा पितात, म्हणून इथून. शीटमध्ये दोन्ही बॅचची अपेक्षित दिशा वेगळी टाकली आहे मी. त्याचा काय संबंध?"

"सर, हे दक्षिणेकडे चालतात. यांचे आकडे एकशे ऐंशीच्या आसपास येणार. एकशे पंच्याहत्तर, एकशे चौऱ्याऐंशी. तिथे आकडा कुठे तुटतच नाही! साधी बेरीज करा, भागाकार करा, उत्तर बरोबरच येणार. आकडा तुटतो तो फक्त उत्तरेला, तीनशे साठचा शून्य होतो तिथे. आणि उत्तरेकडे फक्त बायका चालतात."

ओसरीवरचा गलका थांबला होता. जितेंद्र सर तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात बोलले, "मले दिसत होतं ताई. तुम्ही सगळ्या लाइनीच्या आसपासच चालायच्या. रोज दिसत होतं. अन् शीट म्हणायची, नाही. मले वाटलं, माझ्याच नजरेले कळत नसन."

वेदिकाला त्यांचा राग यायला हवा होता. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कसा जातो, हे तिला इतकं ओळखीचं होतं, की राग आलाच नाही.

"रविवारी उलटं करून बघू," ती म्हणाली.

रविवारी केंद्राच्या संचालक अरुंधती मॅडमही आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, हे केंद्र त्यांनीच उभं केलेलं, आणि पुस्तिकेतलं ते वाक्यही त्यांच्याच लेखणीचं होतं. वेदिकाने फोन करून सत्यवतीताईंना बोलावून घेतलं होतं. त्यांच्या मुलाची सुट्टी होती, त्याने मोटारसायकलवर आणून सोडलं. "मले पुन्हा नापास कराले बोलावलं का वं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

आधी वेदिका आणि सत्यवतीताई ओसरीपासून फाटकाकडे चालल्या. मग प्रीतमला फाटकापाशी नेऊन ओसरीकडे चालायला लावलं. तो छाती पुढे काढून चालला, दर वेळी पायरीवर काठी आपटून "पोचलो!" म्हणून ओरडला. दहा फेऱ्या झाल्या. सर ऑफिसात गेले आणि तीन अहवाल घेऊन बाहेर आले.

"वेदिका मोहरील. दिशाज्ञान समाधानकारक. पात्र." त्यांनी पुढचा कागद काढला. "सत्यवती गजभिये. समाधानकारक. पात्र."

"अन् मी?" प्रीतमने विचारलं.

"प्रीतम. सरासरी दिशा एकशे ऐंशी अंश, म्हणजे पूर्णपणे मागे. दिशाज्ञान असमाधानकारक. रस्त्यावरील प्रशिक्षणासाठी अपात्र."

"काय फालतूपणा आहे सर! मशीन खराब झाली तुमची!"

"आमच्या टायमाले बरी होती का गा मशीन?" सत्यवतीताई म्हणाल्या.

आधी कोणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि शेवटी प्रीतमही हसला. "माफ करा काकू," तो म्हणाला, "पण मी मेणबत्त्या नाही करणार बरं का."

अरुंधती मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "जितेंद्र, आतापर्यंतच्या सगळ्या बायकांचे मूळ आकडे आहेत आपल्याजवळ?"

"आहेत मॅडम. शीट सगळं ठेवते."

"वेदिका, ते पुन्हा मोजून देशील? बरोबर पद्धतीनं?"

"देईन. पण मॅडम, सगळ्याच पास निघतील असं नाही."

"निघतील तेवढ्या निघतील," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज वेदिकाच्या जवळ आला. "ते पुस्तिकेतलं वाक्य मी लिहिलं तेव्हा मला क्षणभरही खटकलं नाही गं. मी स्वतः तीस वर्षं एकटी गाडी चालवली या गावात."

कॉम्प्युटरला काड्या लावायची गरज नव्हती. प्रत्येक बाण उत्तरेकडे किती गेला आणि पूर्वेकडे किती, हे ज्या आणि कोज्या, म्हणजे साइन आणि कोसाइन, वापरून काढायचं, दोन्हींच्या वेगवेगळ्या बेरजा करायच्या आणि शेवटी एकच दिशा शोधायची. वेदिकाने सोडून दिलेला तो धडा जुन्या वर्गमैत्रिणीकडून फोनवर ऐकत ऐकत नव्याने शिकून घेतला. आठवड्याभरात सगळ्या जणी मोजून झाल्या. बहुतेकींच्या रांगा लांब आणि नीट निघाल्या. काही जणींच्या खरोखरच गुंता होऊन पडल्या होत्या. त्यांना अंगणात आणखी सराव हवा होता आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं. मॅडमनी एकेकीला स्वतः फोन केले. काहींचे नंबर बदलले होते. एकीने सांगितलं, आता माझ्याने नाही होणार, सवय मोडली. पण बऱ्याच जणींनी विचारलं, कधीपासून यायचं?

वेदिकाचं डावीकडे जाणं जितेंद्र सरांनी एका सकाळीच पकडलं. ती काठी बेंबीसमोर धरायच्या ऐवजी उजव्या कमरेशी धरायची, त्यामुळे काठीची फेक एका बाजूला कमी पडायची. "हे मले आधीच दिसाले पाहिजे होतं," सर म्हणाले. "पण शीट म्हणे तुम्ही मागं चालता. मागं चालणाऱ्या माणसाचा हात कोण पाहते?" सवय मोडायला दिवस लागले. दमली की हात आपोआप कमरेकडे जायचा. पण आकडे हळूहळू शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पडू लागले.

मग रस्ता सुरू झाला. पहिल्या दिवशी ती सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या रस्त्यावर एका उभ्या हातगाडीला धडकली आणि चार संत्री रस्त्यावर गडगडली. गाडीवाल्याने तिला काही बोलायच्या आधी सरांनाच झापलं, "बाईमाणसाले असं पुढं सोडून मागं काय चालून राहिले?" दुसऱ्या आठवड्यात ती चौक ओलांडायला शिकली. गाड्यांचा आवाज थांबला म्हणजे सिग्नल लागला असं नागपुरात समजायचं नसतं, हे तिला तेव्हाच कळलं. बाबा रोज विचारत, "आज किती लांब?" ती सांगे. ते ऐकून घेत आणि मग उगाच भाजी चिरायला लागत. एकदोनदा तिला मागून त्यांच्या चपलांची ओळखीची फरफट ऐकू आली, तेव्हा तिने न वळताच म्हटलं, "बाबा, घरी जा." चपला थांबल्या. पुढच्या आठवड्यात त्या ऐकू आल्या नाहीत.

ऑफिसात रुजू व्हायच्या सोमवारी ती लवकरच तयार होऊन बसली होती. बस यायला वेळ होता. बाबांनी डबा भरून दिला, पाण्याची बाटली दिली, आणि आता देण्यासारखं काही उरलं नाही म्हणून नुसतेच दाराशी उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"झोपली होती का वं?" सत्यवतीताईंचा आवाज धापा टाकत होता.

"नाही हो ताई. काय झालं?"

"विहारातून बोलून राहिली मी. एकटी आली. पोरगं शिफ्टवर आहे अन् मायं माणूस झोपलेलं आहे, कोणाले सांगितलंच नाही. रस्त्यात तिघांनी हात धरला, कुठं चालली काकू, कुठं चालली काकू. तिघांचाही सोडवला." त्या हसल्या. "एक जागी चुकली मी. किराणा दुकानात शिरली. त्याले म्हणलं, आलीच आहे तर पावशेर साखर दे."

वेदिका इतकी मोठ्याने हसली की बाबा दारातून आत आले.

"परत जातानाही एकट्याच जाणार?" तिने विचारलं.

"हाव मंग. आता तर वाट समजली. तू जाऊन राहिली ना आज ऑफिसले?"

"निघालेच."

तिने फोन पर्समध्ये टाकला, काठी उघडली आणि मूठ बेंबीसमोर आणली. पायऱ्या उतरून ती फाटकाबाहेर आली. बाबा आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून उभे होते. गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा घरघरत उभी होती. वेदिका तिच्या आवाजाच्या उजवीकडून वाट काढत मोठ्या रस्त्याकडे निघाली.